ध्यान कोठे शे?

माझ्या मेव्हणीच्या लग्नात मांडवात कुणीतरी सासऱ्यांना विचारलं, "थोरले जावई काय करतात?" सासरे क्षणभर अडखळले आणि म्हणाले, "ते ध्यान आहेत." त्यांना 'ध्यान शिकवतात' असं म्हणायचं होतं. पण मांडवात जो हशा पिकला, तो मला आयुष्यभर पुरला. अजूनही चष्मा सापडेनासा झाला की बायको घरभर विचारत फिरते, "ध्यानाचं ध्यान कुठंय?"

तर असं हे ध्यान ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून पुढे बरीच वर्षं जळगाव-धुळे पट्ट्यात ध्यान शिकवण्याची नोकरी करत होतं. संस्था लहान होती आणि पगार तिच्याहून लहान. जळगावात आठवड्याचा वर्ग, चोपड्यात महिन्याचा, आणि शाळांना सुट्या लागल्या की धुळ्याला देवपुरातल्या एका शाळेत निवासी शिबिर. बाकं भिंतीला लावायची, सतरंज्या अंथरायच्या, फळ्यावर राहून गेलेलं गणित पुसायचं, की झालं आमचं ध्यानमंदिर. शिबिरात सगळ्यांना मौन असे. ते मौन सांभाळायचं काम माझ्याकडे होतं. खान्देशातल्या माणसाला गप्प बसवणं म्हणजे काय, ते खान्देशातल्याच माणसाला कळेल. पण खरा वैरी निराळाच होता. शिबिरार्थी गप्प बसत, स्वयंपाकघर बसत नसे. एखादं पातेलं घरंगळलं की सगळा वर्ग दचकून डोळे उघडायचा. म्हणून आचाऱ्याला माझी सक्त ताकीद होती, की भांडं वाजता कामा नये. तो बिचारा ओट्यावर गोणपाट अंथरून त्यावर भांडी ठेवायचा आणि मनातल्या मनात मला शिव्या द्यायचा. मनातल्या मनात, कारण मौन त्यालाही लागू होतं.

शिकवायचो काय, ते दोन ओळींत सांगता येतं. ताठ बसायचं. श्वास आत येतो, बाहेर जातो, तो फक्त पाहायचा. लांब करायचा नाही, रोखायचा नाही. मन पळून जातं, ते पळालं हे कळलं की ओरडाआरडा न करता परत आणायचं. पुन्हा पळतं, पुन्हा आणायचं. मंत्र नाही, मूर्ती नाही, माळ नाही. एवढ्याशा गोष्टीला नोकरी कसली लागते, असं माझ्या आईला कायम वाटे. आम्ही बौद्ध. आई दर पौर्णिमेला पांढरी साडी नेसून विहारात जायची, पण मुलगा बसायचं शिकवून पगार घेतो हे तिला पटायचं नाही. आयुष्यभर तिने वाकून कापूस वेचला होता. चोपड्याला पहिल्यांदा वर्ग सुरू केला तेव्हा एका गृहस्थांनी बाजूला घेऊन विचारलं, "हे तुमच्या लोकांचं ना?" मी म्हटलं, "असेल, पण नाक तुमचंच वापरायचंय." ते हसले आणि दुसऱ्या दिवशी भावालाही घेऊन आले.

मात्र एक प्रश्न कुठेही गेलो तरी पाठ सोडत नसे. "हाई करीसन काय व्हस?" हे करून होतं काय? माझं उत्तर ठरलेलं होतं, "मन शांत होतं." हे उत्तर सोपं होतं, खपायचंही चांगलं. शांती कुणाला नको असते?

जळगावच्या एका कापड दुकानदाराला ती नको होती. त्याला साक्षात्कार हवा होता. संध्याकाळच्या बैठकीत त्याला मिटल्या डोळ्यांपुढे सोनेरी प्रकाश दिसू लागला, रोज त्याच वेळेला. त्याने पेढे वाटले. मी जरा चौकशी केली, तर समोरचा भांडीवाला संध्याकाळी दुकानाबाहेर पितळेची परात टांगायचा आणि तिच्यावरून उतरतं ऊन नेमकं शेटजींच्या पापण्यांवर येत होतं. मी खिडकी लावून घेतली. प्रकाश गेला, आणि शेटजीही गेले. पुढे एका महाराजांकडे त्यांना तो परत दिसू लागल्याचं कानावर आलं. त्या महाराजांच्या समोर कुणाचं दुकान होतं, कोण जाणे.

दुसरे एक कापसाच्या जिनिंगचे मालक होते. त्यांनी गाडी पाठवून मला बोलावून घेतलं, चहा-बिस्किटं झाली. म्हणाले, "आमच्या कामगारांना शिकवा. फार कुरकुर करतात हो. ध्यान केलं की शांत होतील ना?" माझे वडील अशाच एका जिनात गाठी उचलून म्हातारे झाले होते. मी म्हटलं, "शेट, ध्यान केलं तर पाठ नेमकी कुठे दुखते ते त्यांना जास्त चांगलं कळेल." परतीला गाडी मिळाली नाही, पायी आलो. वाटेत स्वतःवर खूश होतो. पण त्याच वेळी हेही जाणवलं की मालकांना दिलेलं उत्तर आणि माझं रोजचं 'मन शांत होतं' हे उत्तर एकमेकांशी जुळत नाही. त्यावर मी फार विचार केला नाही. तो विचार करायला लावला एका बाईने. तिने कधी शिबिर केलं नव्हतं.

तिच्या नवऱ्याचं नाव भिका नाना. चोपड्याकडचे, सातपुड्याच्या पायथ्याशी केळी आणि कापूस करणारे. उंचापुरा गडी, मिशा पांढऱ्या झालेल्या, आवाज मात्र तरणाबांड. नाना शेतात ओरडले की शेजारच्या मळ्यातले बैलही थांबतात, असं गावात म्हणत. मारझोड करणारा माणूस नव्हता. पण उठल्यापासून निजेपर्यंत ओरडणं चालू: गड्यांवर, बैलांवर, पंपावर, लाइट गेली की वीज मंडळावर आणि यातलं कुणी हाताशी नसलं की बायकोवर. शेवटी बायकोने, गंगूअक्काने, त्यांना बजावलं की एकदा त्या धुळ्याच्या शिबिराला जा आणि राग तिकडेच टाकून या. त्या उन्हाळ्यात, आखाजीच्या म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या थोडं आधी, नाना देवपूरला दाखल झाले.

असा शिबिरार्थी मी आधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. पहिले काही दिवस त्यांची चुळबुळ झाली. शेतीच्या आठवणीने घाम फुटायचा, आणि उन्हाळा तर असा की ज्यांना शेती नव्हती त्यांनाही फुटायचा. मग एका सकाळी ते बसले ते हललेच नाहीत. वर्ग उठला, लोक नाश्त्याला गेले, नाना तसेच. संध्याकाळी आमच्या संस्थेच्या रिवाजाप्रमाणे मी एकेकाला हळू आवाजात विचारत फिरलो, "ध्यान लागलं का?" नानांच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. म्हणाले, "लागनं भाऊ. ध्यान लागनं. राग बठ्ठा गया." सगळा राग गेला! मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! एवढा मोठा आवाज एवढा लहान झालेला मी पहिल्यांदाच ऐकत होतो. निरोपाच्या वेळी नानांना मी सगळ्यांपुढे उभं केलं आणि त्यांचं कौतुक केलं.

आखाजी होऊन थोडे दिवस झाले असतील. मी शाळेच्या व्हरांड्यात सतरंज्या उन्हाला टाकत होतो. फाटकातून एक बाई तरातरा आल्या, आणि त्यांच्या मागून मान खाली घालून भिका नाना. चोपड्याहून एसटीने अमळनेर, तिथून धुळं, एवढा उन्हातला प्रवास करून गंगूअक्का आल्या होत्या. पाणी दिलं, ते त्यांनी बाजूला ठेवलं.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "हाऊ माणूस परत ठी ल्या."

परत ठेवून घ्या! जसं बाजारातून आणलेलं मडकं गळकं निघालं. मी विचारलं, "काय झालं अक्का? पुन्हा ओरडायला लागले का?"

"वरडता तं बरं व्हतं! पहिले वरडे, पन घरमा व्हता. आते सकायले बठस, दुपारले बठस, दिन बुडना का परत बठस. डोया मिची लेस. आमनी इमल आखाजीले येल शे..."

विमल ही त्यांची एकुलती एक मुलगी. दोन वर्षांमागे लग्न झालेलं. आखाजीला आमच्याकडे लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, गाणी म्हणतात. विमल आली, पण झोक्यावर बसली नाही. बरोबरीच्या मुली हाका मारून दमल्या. आखाजी संपली, सगळ्या सासरी गेल्या. हिच्यापुढे सासरचं नाव काढलं की हिचा चेहरा उतरायचा. आईने खोदून खोदून विचारलं, तर "काही नई माय," एवढंच. आणि आता जावई तिला न्यायला येणार, असा निरोप आला होता.

"मी यास्ले म्हनं, तुम्ही बाप शेतस, तुम्ही ईचारी दखा. तं हाऊ हात वर करी म्हनस, 'ध्यान लागेल शे, गडबड करू नको.' ध्यान लागनं म्हने! भाऊ, घरमा पोर वाळी राहिनी, नी यानं ध्यान लागनं! मंग माले सांगा, हाई ध्यान लागनं तं गयं कोठे? यानं ध्यान कोठे शे?"

नाना व्हरांड्याच्या खांबाला टेकून उभे होते. म्हणाले, "भाऊ, मी डोया उघाडा का राग येस. मिचा का गोड वाटस. तुम्हीच म्हनं ना, मन शांत व्हस?"

म्हटलं होतं, आणि तेही सगळ्यांपुढे उभं करून.

आमच्या भाषेत ध्यान हा शब्द रोज हजार वेळा तोंडी येतो आणि कुणी त्यासाठी डोळे मिटत नाही. बाई पाण्याला निघाली की शेजारणीला सांगते, पोरावर ध्यान ठेव. पोरगं पाटीवर भलतंच लिहितं, मास्तर विचारतात, ध्यान कुठाय. आणि आम्ही शिकलेसवरलेले लोक शिबिरात विचारत होतो, ध्यान लागलं का. 'लागलं' म्हटलं की त्यात झोप लागली, डोळा लागला, समाधी लागली, सगळं आलंच. नानांनी आमचा शब्द अगदी प्रामाणिकपणे पाळला होता.

मी त्यांना शेजारी बसवलं. "नाना, केळीला पाणी सोडता तेव्हा डोळे मिटून बसता का?"

"आसं कसं? बांध फुटी जाई ना."

"मग ध्यान कुठे असतं?"

"पानीवर. आजून कोठे?"

"पाण्यावर ओरडता?"

नाना मिशीत हसले. "पानीवर वरडीसन काय व्हस?"

"तसंच बसायचं. देवघरात नाही, चुलीजवळ बसा, विमल काम करते तिथे. डोळे उघडे. तिला काही विचारायचं नाही, शिकवायचं नाही. इथे श्वास पाहिला तसं फक्त पाहायचं. राग आला तर त्याच्याकडेही तसंच. दांडातून पाणी चाललंय, चालू दे."

अक्कांनी कपाळाला हात लावला. "म्हंजे परत बठानंच ना!" त्या दिवशी दोघं तशीच परतीच्या गाडीला गेली. अक्कांनी पाणी शेवटपर्यंत घेतलं नाही. ते भरलेलं भांडं व्हरांड्यात तसंच राहिलं, आणि सतरंज्या गोळा करताना माझं त्याच्याकडे सारखं लक्ष जात होतं. मी दिलेला उपाय बरोबर आहे की नाही, मला खरंच माहीत नव्हतं. मुलगी त्यांची होती आणि जावई येणार होता. मी फक्त श्वास पाहायला शिकवणारा माणूस, आणि लोकांच्या संसारात शिरलो होतो. त्यानंतरचे दिवस मला चैन पडलं नाही हे कबूल करायला लाज कसली?

पुढच्या वेळी चोपड्याच्या वर्गाला गेलो तर नाना मागच्या भिंतीला टेकून बसलेले, डोळे उघडे. वर्ग संपला, लोक गेले, तरी बसूनच. मग त्यांनी सगळं सांगितलं, आणि न ओरडता सांगितलं.

आधी त्यांना काहीच दिसलं नाही. मुलगी उठते, चूल पेटवते, भाकरी थापते, वाढते, घासते. त्यात पाहायचं काय? ते कंटाळले, पण बसत राहिले. मग एका सकाळी एकदम कळलं. दिसलं नाही, तर ऐकू येत नाही हे कळलं. विमल लहानपणी धांदरट होती. ती घरात असली की भांडी बोलायची आणि अक्का ओरडायची, "भांडा फोडतीस का वं!" आता तवा उतरतो, हंडा टेकतो, ताटं एकावर एक बसतात, आवाज म्हणून नाही. हंडा ठेवताना ती खाली पदराचं टोक सरकवते.

"भाऊ, इतला दिन ती घरमा शे, नी घरमा भांडं वाजनंच नई. ध्यानमा उनं."

मग नाना म्हणाले, "आजून एक ध्यानमा उनं. मी नुसता खाकरना, तं भाकर थापता थापता तिना हात थांबना. मंग माले वाटनं, हाई बठ्ठं ती सासरमाच शिकनी का? का आठेच शिकी गयी व्हती?"

आठेच, म्हणजे इथेच, त्यांच्या स्वतःच्या घरात.

मग एक दिवस तिच्या हातून तांब्या सुटला. फरशीवर आपटून पार ओसरीपर्यंत घरंगळत गेला. विमल भिंतीला चिकटली आणि तिने दोन्ही हात डोक्यावर धरले. बापाच्या डोळ्यांदेखत. "मना गयामा वरड उनी, भाऊ," नाना गळ्याशी बोट नेत म्हणाले. "कोनावर, ते बी माले समजनं नई. जवाईवर, तिनावर, मना सोतावर. मी देखत राहिनू. उनी, नी गयी. मंग मी म्हनं, पडू दे माय."

त्यावर विमल खूप वेळ रडली आणि मग तिने सांगितलं. काय सांगितलं ते तिचं आहे, मी इथे लिहिणार नाही. एवढंच लिहितो की त्या घरात भांडं वाजलं की तिला मार होता. आणि बापाला कधी सांगितलं नाही, कारण सांगितलं तर बाप ऐकून घेणार नाही, कोयता घेऊन पळेल आणि भलतंच होऊन बसेल, अशी तिला भीती होती. जुन्या नानांबद्दल तिचा अंदाज मुळीच चुकीचा नव्हता.

"आणि जावई?" मी विचारलं.

"उना ना. चार माणसं ली उना. मी म्हनं, पोर येवाव नई. बस. तो वाट देखी राहिंता, मी कव्हय वरडसू. मानूस वरडना तं भांडता येस. मी वरडनाच नई, तं तो काय करी?" नाना पहिल्यांदा जरा मोकळे हसले. "चहा पीसन गया."

हे ऐकायला सोपं वाटतं. पुढचं सोपं गेलं नाही. भाऊबंद बोलले, गाव बोललं, काडीमोड व्हायला फार काळ गेला आणि अक्कांनी त्या काळात पुष्कळ सोसलं. काही नातेवाइकांनी तर सगळं खापर माझ्या शिबिरावर फोडलं, की ध्यान शिकला आणि पोरीचं घर मोडलं. ध्यान कशासाठी करायचं असं मला कुणी विचारलं, तर पुढे 'मन शांत होतं' हे उत्तर मी सहसा देत नसे. होतंही कधी कधी, नाही असं नाही. पण समोर जे आहे ते ध्यानात यावं, आणि ते पाहून आपण पळू नये किंवा अंगावर धावून जाऊ नये, एवढ्यासाठी ही सगळी खटपट. श्वास हा निव्वळ सराव. पोहायला विहिरीत शिकतात, तसं.

त्या वर्षीच्या दिवाळीच्या शिबिरापासून मी संध्याकाळचा प्रश्न बदलला. 'ध्यान लागलं का?' बंद, आणि अक्कांचा प्रश्न सुरू: 'ध्यान कोठे शे?' संस्थेच्या मंडळींना तो फार गावंढळ वाटला. एकाने सुचवलं की निदान शुद्ध मराठीत विचारा. मी ऐकलं नाही, आणि माझी नोकरीतली बढती तिथेच थांबली ती थांबलीच. त्याचं मला काही वाटत नाही. वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. नानांच्या आधी कितीजण 'लागनं, लागनं' म्हणत डोळे पुसत माझा निरोप घेऊन घरी गेले. त्यातल्या कितीजणांच्या घरात कुणीतरी तोंड मिटून काम करत असेल, आणि तक्रार घेऊन धुळ्याची एसटी पकडणारी गंगूअक्का प्रत्येक घरात थोडीच असते? त्यांचं पुढे काय झालं, ते मला कधीच कळणार नाही. ही खंत मनातून जात नाही.

नोकरी संपत आली तेव्हा, नव्वदचं दशक सरताना, मी एकदा मुद्दाम नानांच्या गावी गेलो. विमल गावच्या अंगणवाडीत लागली होती. नाना थकले होते, ओसरीवर खाटेवर बसून असत. अक्कांनी मला पाणी दिलं आणि मी ते संपवेपर्यंत समोर उभ्या राहिल्या, जणू जुना हिशेब पुरा करत होत्या. आत कळण्याची भाकरी आणि ठेचा चालला होता. नाना आणि मी ओसरीवर नुसते बसलो होतो.

तेवढ्यात आत काहीतरी मोठं पडलं, पातेलं असावं, आणि त्याच्यामागे झाकणही गोल गोल फिरत खणखणत राहिलं. एवढ्या वर्षांच्या नोकरीची सवय, माझी मान चटकन तिकडे वळली आणि बोट ओठांवर गेलं.

"भांडा फोडतीस का वं!" अक्का ओरडल्या. आतून विमलच्या हसण्याचा आवाज आला.

नानांनी माझं ओठांवरचं बोट धरलं आणि हळूच खाली केलं.

"वाजू द्या, भाऊ," ते म्हणाले.